मुलांचा सत्कार पुरे, आता त्यांचा प्रयोग बघा

गाण्यात, वादनात, नाटकात मुलांनी काही मिळवले की त्यांचे कौतुक व्हायला हवे, याबद्दल कोणाचे दुमत नाही. माझा आक्षेप आहे तो कौतुकाच्या रीतीवर. आपल्या समारंभांत मूल दिसते, ट्रॉफी दिसते, पाहुणे दिसतात. ज्यासाठी हे सगळे चालले आहे ते मुलाचे काम मात्र तिथे जेमतेम दोन मिनिटे असते, आणि तीही उपकार म्हणून.

कोणत्याही गावातला गुणवंतांचा सत्कार आठवून पाहा. कार्यक्रम पाचचा, मुले साडेतीनपासून खुर्च्यांवर बसलेली, पाहुणे साडेसहाला येणार. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, परिचय, मनोगते. मग चौदा वर्षांची एक मुलगी गायला बसते. मांडीशेजारी मोबाइलवर तानपुरा लावलेला, पट्टी काळी चार. तबल्यावरचा मुलगा हातोडीने गट्टे ठोकून सूर लावतोय, तेवढ्यात निवेदक खाली वाकून सांगतो, "दोनच मिनिटं हं, बेटा." मुलगी आलाप सोडते आणि थेट बंदिश धरते. यमन रागातला तीव्र मध्यम हा स्वर तिने किती जपून लावला आहे हे सभागृहात दोघांचौघांना कळते. व्यासपीठावर तोवर पुढच्या हारांची जुळवाजुळव सुरू असते. तिसऱ्या आवर्तनात निवेदक टाळ्या मागतो. फोटो निघतो. प्रमाणपत्रावर मुलीचे नाव असते, आयोजकांची नावे असतात, खाली सह्या असतात. तिने कोणता राग गायला आणि तिला कोणी शिकवले, याचा उल्लेख नसतो.

आयोजकांचा हेतू चांगला असतो, हे मला मान्य आहे. पदरचे पैसे घालून, कामधंदा सांभाळून ही माणसे मुलांसाठी राबतात. पण त्या मुलीने त्या संध्याकाळी काय शिकले? आपल्या गाण्यापेक्षा आपला नंबर महत्त्वाचा आहे, हे. आणि मुले असल्या गोष्टी फार लवकर शिकतात.

लहान वयातल्या यशाचे काय करावे, याचे एक उदाहरण आपल्या संगीताच्या इतिहासातच आहे. १९२४ मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावी गावात जन्मलेला शिवपुत्र कोमकली हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवायचा. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याला बालवयातच मिळाली, जलसे होऊ लागले, लोक थक्क व्हायचे. आजच्या हिशेबाने तो मुलगा पोहोचलेला होता. पण अकरा-बारा वर्षांचा असताना तो मुंबईला प्रोफेसर बी. आर. देवधरांकडे शिकायला गेला आणि पुढची दहाएक वर्षे तिथे शिकत राहिला. देवधर एकाच घराण्याला चिकटून बसणारे नव्हते, त्यांच्या शाळेत वेगवेगळ्या घराण्यांचे गवई येत-जात. दुसऱ्याची नक्कल उत्तम करणाऱ्या मुलाला स्वतःचे गाणे सापडण्यासाठी असा काळ लागला. पुढे आपण ज्यांना ऐकले आणि ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले, ते कुमार गंधर्व या शिकण्यातून आणि नंतर देवासला काढलेल्या आजारपणाच्या कठीण वर्षांतून घडले. त्या मुलाच्या आसपासच्या मोठ्यांनी जलशांवरच समाधान मानले असते, तर एक आश्चर्यकारक बालकलाकार म्हणून त्याचे नाव कुठेतरी तळटिपेत राहिले असते.

बक्षिसाने उत्साह वाढतो हे आपण गृहीतच धरतो. ते तपासलेही गेले आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आजही शिक्षणशास्त्रात शिकवला जातो. त्यांनी चित्र काढण्याची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुले निवडली. काही मुलांना आधीच सांगितले की चित्र काढलेस तर प्रमाणपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक प्रमाणपत्र दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात मुले काय करतात हे पाहिले, तेव्हा बक्षिसाचे आधी कबूल केलेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांवर घालवत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांवर असा परिणाम दिसला नाही. बक्षीस विषारी असते, असा याचा अर्थ नाही. जे मूल आवडीने करत होते ते 'कशासाठी तरी' करायला लावले, की ती आवड पातळ होते, एवढाच अर्थ आहे.

आता हे डोक्यात ठेवून आपल्या दहावीकडे पाहू. महाराष्ट्रात शास्त्रीय गायन, वादन, नृत्य, नाट्य, लोककला आणि चित्रकला यांतल्या परीक्षा व स्पर्धांच्या आधारे दहावीच्या विद्यार्थ्यांना वाढीव गुण मिळतात. शाळेमार्फत दहावीच्या परीक्षा मंडळाकडे प्रस्ताव जातो आणि निकालात गुण मिळतात. अकरावीच्या प्रवेशात अर्ध्या टक्क्यासाठी कॉलेज हुकते, त्यामुळे या गुणांना सोन्याचा भाव आहे.

या योजनेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. नववी लागली की गाण्याचा क्लास बंद, हा आपल्या मध्यमवर्गीय घरांतला नियमच होता. "आता अभ्यासाचं वर्ष, गाणं काय नंतरही होईल." वाढीव गुणांमुळे संगीतशिक्षकांच्या हाती पालकांशी बोलायला एक मुद्दा आला, आणि बऱ्याच मुलांचा रियाज दोन वर्षे जास्त टिकला. शिवाय लोककलेला या यादीत जागा मिळाली ही मोठी गोष्ट आहे. आजोबांबरोबर जागरण-गोंधळात संबळ वाजवणाऱ्या मुलाची कला सरकारी कागदावर कला म्हणून नोंदली जाणे हा सन्मानच आहे, आणि तो काढून घ्यावा असे मी कधीही म्हणणार नाही.

तरीही मला ही योजना चुकीच्या दिशेने गेलेली वाटते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचा क्रम संगीत शिकणाऱ्या प्रत्येक घराला पाठ असतो: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारद. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते संगीत घराण्यांच्या दारातून बाहेर यावे आणि सामान्य घरातल्या मुलामुलींना ते प्रतिष्ठेने शिकता यावे म्हणून. परीक्षांची ही शिडी त्याच मोठ्या कामाचा भाग आहे. शिकण्याला क्रम यावा, शिकवणाऱ्याला शिस्त यावी, यासाठी ती होती. आता कित्येक घरांत सातवीपासून उलटे गणित मांडले जाते: दहावीच्या आत किती परीक्षा बसतात? मग वर्षभर त्या परीक्षेपुरते राग, त्या रागांचे ठरलेले आलाप, ठरलेल्या ताना, वहीत लिहून पाठ. भूपाची बंदिश तोंडपाठ असते, पण आरोह-अवरोह बाजूला ठेवून चार स्वर मनाने फिरव म्हटले की मूल गोंधळते. आणि दहावीचा निकाल लागला की पेटी माळ्यावर जाते. गुणांचे काम झालेले असते.

दुसरी गोष्ट न्यायाची. परीक्षेला बसायचे तर क्लास हवा, क्लासची फी हवी, शिक्षक जवळपास हवा, केंद्रावर जाण्याची सोय हवी. तालुक्याच्या गावात जिथे एकही तबलाशिक्षक नाही तिथल्या मुलाचे गुण कोणी कमी केलेले नाहीत, पण शेजारच्याचे वाढलेले आहेत, आणि प्रवेशाच्या रांगेत त्याचा अर्थ एकच होतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. वाढीव गुण टप्प्याटप्प्याने बंद करावेत. जी मुले आज सातवी-आठवीत या भरवशावर शिकत आहेत त्यांना शब्द दिल्याप्रमाणे गुण मिळावेत, पुढच्यांसाठी नवी व्यवस्था असावी. लोककलावंत मुलांची नोंद राहावी, त्यांना शिष्यवृत्ती मिळावी, वाद्य मिळावे. आणि जी ताकद आपण प्रस्ताव, पडताळणी, शिक्के यांत घालवतो ती शाळेतल्या तासाकडे वळवावी. वेळापत्रकात कलेचा तास असतो, पण चाचणी जवळ आली की तो गणिताला किंवा विज्ञानाला जातो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी, पट शंभराच्या वर असेल तर, कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक असावा असे लिहिलेले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमातले आणि अभ्यासक्रमाबाहेरचे असा भेद ठेवू नये असे म्हटले आहे. कागद भक्कम आहेत. शाळेत पेटी उघडणारा माणूस हवा आहे. एका मुलाच्या गुणपत्रिकेत भर घालण्यापेक्षा चाळीस मुलांच्या वर्गाला सूर कसा ऐकायचा हे शिकवणे मला केव्हाही मोठे वाटते, कारण उद्याचा श्रोता तिथेच तयार होतो.

नंबरांवरचा आपला विश्वास किती फोल आहे हे दूरचित्रवाणीनेच दाखवून दिले आहे. झी मराठीवरच्या 'सारेगमप लिटल चॅम्प्स'च्या २००८-०९ च्या पर्वाने महाराष्ट्र अक्षरशः वेडा केला होता. कार्तिकी गायकवाड विजेती ठरली, आणि तिच्यासोबत अंतिम फेरीत आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत होते. पुढे हे पाचही जण गात राहिले, आणि २०२१ च्या पर्वात पाचही जण परीक्षकांच्या जागी बसले. त्या रात्री कोण पहिले आले यावर घराघरांत भांडणे झाली होती, एसेमेसचा पाऊस पडला होता. आज त्या क्रमाने कोणाच्या गाण्याबद्दल काय सांगता येते? काहीच नाही. टिकले ते त्यांचे शिकणे, आणि पर्वभर दर आठवड्याला त्यांना मिळालेला जाणता श्रोता.

मालिका आणि चित्रपटांत काम करणाऱ्या मुलांसाठी निदान नियम तरी आहेत: बालकामगार कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांनुसार दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मिळकतीतला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत. स्पर्धेसाठी रात्री अकरापर्यंत चालणाऱ्या तालमींचे तास मात्र कोणी मोजत नाही, कारण ते सगळे 'मुलांच्या भल्यासाठी' असते.

नाटकाकडे मी मुद्दाम शेवटी आलो, कारण यशाची आपली कल्पना सर्वांत जास्त नुकसान तिथे करते. गाणे एकट्याचे असू शकते. नाटक कधीच एकट्याचे नसते. शाळेच्या बालनाट्याला बक्षीस मिळाले की हारतुरे मुख्य भूमिकेतल्या मुलाला. विंगेत उभी राहून दोन प्रवेशांमधल्या काळोखात तीन खुर्च्या आणि एक झाड बरोबर खुणेवर ठेवणारी मुलगी फोटोतही नसते. तिने ते काळोखात, आवाज न करता, दहा-बारा सेकंदांत केलेले असते. पुढच्या नटाचे वाक्य तिला पाठ असते, कारण त्या वाक्यावर तिला हलायचे असते. ध्वनीवर बसलेला मुलगा दरवाज्याचा आवाज अर्धा सेकंद उशिरा देतो तेव्हा सगळे त्याच्याकडे बघतात, आणि बरोबर देतो तेव्हा त्याचे असणे कोणाच्या लक्षातही येत नाही. कॉलेजच्या एकांकिका स्पर्धांनी ही जाण पूर्वीपासून ठेवली आहे, तिथे नेपथ्य, प्रकाश, संगीत यांची दखल घेतली जाते. शाळांपर्यंत ती पोहोचलेली नाही.

बालरंगभूमीचा पाया ज्यांनी घातला त्यांचे काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये 'मधुमंजिरी' हे मुलांचे नाटक आणले, रत्नाकर मतकरींनी १९६२ मध्ये 'बालनाट्य' ही संस्था काढली. मुलांसमोर चांगले नाटक व्हावे, हा त्यांचा ध्यास होता. पुढे मतकरींनी ठाण्यात 'वंचितांचा रंगमंच' उभा केला तेव्हा वस्तीतली मुले स्वतःच्या जगण्यातले विषय घेऊन स्वतः नाटके बसवू लागली. मुलांच्या नाटकाचा गौरव म्हणजे काय, याचे यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही: त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही आहे असे मानणे, आणि ते ऐकायला माणसे जमवणे. याउलट कितीतरी स्पर्धांत दहा वर्षांची मुले मोठ्यांनी लिहिलेली, मोठ्यांना रडवणारी भाषणे मोठ्यांच्या हातवाऱ्यांसह म्हणतात, आणि परीक्षक त्याला परिपक्व अभिनय म्हणून गुण देतात.

परीक्षकांबद्दल अजून थोडे. पुण्यात १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था कॉलेजच्या मुलांसाठी पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिरात 'आवाज कुणाचा'चा गजर ऐकलेल्या माणसाला त्या करंडकाची किंमत सांगावी लागत नाही. २०२२ मध्ये परीक्षकांनी करंडकाच्या योग्यतेची एकही एकांकिका नाही असे ठरवून तो कोणालाच दिला नाही. मोठा वाद झाला. मुलांचा हिरमोड झाला, वर्षभराची मेहनत वाया गेल्यासारखी वाटली, अनेक ज्येष्ठ त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्यांची बाजू मला समजते. पण विशीतल्या मुलांना 'हे अजून पुरेसे नाही' असे सांगणे हा त्यांचा अपमान आहे, असे मला वाटत नाही. सगळ्यांना उत्तेजनार्थ वाटून टाकण्यापेक्षा त्यात त्यांच्या कामाकडे जास्त गांभीर्याने पाहिलेले आहे. अट एकच: नाही म्हणणाऱ्याने त्या मुलांसमोर बसावे, संहितेत कुठे घसरले, दुसऱ्या प्रवेशात गती का मेली, हे उलगडून सांगावे, आणि त्यांचे उलट बोलणेही ऐकून घ्यावे. आठवीतल्या मुलांशी हेच वेगळ्या भाषेत, मायेने बोलता येते. "छान केलंत, शाब्बास" एवढ्यावर परीक्षक निघून गेला तर त्या मुलाला बक्षीस मिळूनही हाती काही लागत नाही.

शेवटी सगळ्यांत मोठी अडचण उरते, ती म्हणजे दुसरा प्रयोग. शाळेचे नाटक तीन महिने बसते, केंद्रावर एकदा होते, नशीब असेल तर अंतिम फेरीत आणखी एकदा, आणि मग नेपथ्य मोडून शाळेच्या जिन्याखाली. जिंकलेले नाटकही स्वतःच्या गावात कोणी पाहिलेले नसते. त्या मुलांच्या आईवडिलांनीही कित्येकदा नाही, कारण स्पर्धा परगावी असते आणि तीही कामाच्या दिवशी. खरे तर नट प्रयोगागणिक शिकतो. पहिल्या प्रयोगात जिथे हशा आला तिथे दुसऱ्यात शांतता असते, आणि ती का, हे शोधताना मूल जे शिकते ते कोणत्याही शिबिरात शिकवता येत नाही.

तेव्हा राज्य बालनाट्य स्पर्धेपासून गल्लीतल्या स्पर्धेपर्यंत सर्वांनी बक्षिसाचे स्वरूप बदलावे, ही माझी मागणी आहे. पहिल्या तीन नाटकांना रोख रकमेच्या जागी तीन-तीन प्रयोग द्यावेत. नगरपालिका-महापालिकांच्या नाट्यगृहांत आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळची सत्रे रिकामी असतात, ती विनाभाडे द्यावीत, आणि समोर आसपासच्या शाळांची मुले बसवावीत. गाण्यात बक्षीस मिळवलेल्या मुलीला अर्धा तास द्यावा, तानपुरा लावायला लागेल तेवढा वेळ सोडून अर्धा तास. प्रमाणपत्रावर गुरूचे नाव छापावे, नाटकाच्या प्रमाणपत्रावर पडद्यामागच्या प्रत्येकाचे. पैशांचे म्हणाल तर शाली, श्रीफळे, स्मृतिचिन्हे, फ्लेक्स आणि पाहुण्यांच्या गाड्या यांच्यावर जो खर्च होतो त्यात नेपथ्याचा टेंपो आणि लाइटवाल्याची बिदागी निघते. पाहुण्यांनाही जरूर बोलवा. फक्त त्यांना पहिल्या रांगेत बसवा, भाषण ठेवू नका, आणि प्रयोग संपेपर्यंत त्यांना थांबता येईल अशीच वेळ घ्या.